कोकोमाई, कोंबू आणि मेतकूट

सकाळी साडेआठला रांगेत उभी राहून तांदूळ आणला, हे फोनवर सांगितलं तर आईला वाटलं मी रेशनच्या दुकानाबद्दल बोलतेय. तसं ती फार चुकली नव्हती. २०२५ चा जून होता आणि तोक्योतल्या आमच्या निशिकासाईच्या सुपरमार्केटात जपान सरकारच्या गोदामातला तांदूळ आला होता. माणशी एक पिशवी, पाच किलोची, दोन हजार येनच्या आसपास. नेहमीचा तांदूळ तोवर चार हजार येनच्या वर गेलेला, म्हणजे आदल्या वर्षीच्या दुप्पट. देश किती तापला होता म्हणाल, तर इथले कृषिमंत्री एका भाषणात "मला कधी तांदूळ विकत घ्यावा लागला नाही, समर्थकच भरपूर आणून देतात" असं बोलून गेले आणि मे महिन्यात त्यांची खुर्ची गेली. नवे मंत्री आले ते शिंजिरो कोइझुमी. त्यांनी गोदामं उघडून तांदूळ थेट दुकानदारांना विकला.

तर हा तांदूळ २०२२ च्या पिकाचा. जपानीत नव्या तांदळाला शिनमाई म्हणतात. तो वर्षाचा झाला की कोमाई, आणखी एक वर्ष गेलं की कोकोमाई, आणि त्याच्याही मागचा तो कोकोकोमाई. को म्हणजे जुना. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असाच हिशेब. आम्हाला मिळाले ते पणजोबा. खापरपणजोबा कोपऱ्यावरच्या चोवीस तासवाल्या दुकानात आले होते, किलोला जेमतेम चारशे येन.

मी खूश. आमच्या मावळात जुना तांदूळ म्हणजे इभ्रतीची गोष्ट. घरच्या खाण्याला नवा इंद्रायणी चालतो, चिकट असला तरी गोड लागतो. पण घरात कार्य निघालं की आजी कणगीतलं दोन वर्षांचं भात काढून गिरणीवर पाठवायची. जुन्याचं शीत मोकळं होतं, पाणी जास्त पितो, पंगतीला पुरवठ्याला येतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जुना तांदूळ अर्ध्या भावात? अगं, इकडे जुन्याला दोन पैसे जास्त मोजावे लागतात. वेडे आहेत का ते लोक?"

मलाही तेच वाटलं होतं. संध्याकाळी कुकरचं झाकण उघडेपर्यंत.

वास कसला आला हे नेमकं सांगणं अवघड आहे. कुबट नाही, आंबूसही नाही. बरेच दिवस बंद असलेल्या कपाटात तेलाची बाटली सांडून वाळली असावी, तसा काहीसा. भाताला तकाकी नाही. शीत मोकळं होतं, पण त्यात जीव नव्हता. लेकीने एक घास घेतला, वाडगं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "हे पुठ्ठ्यासारखं लागतंय." नवऱ्याने लोणचं काढलं. लोणचं काढलं की समजायचं, स्वयंपाक फसला.

नंतर वाचून कळलं ते असं. तांदळाच्या बाहेरच्या थरात थोडी चरबी असते. ती वर्षं गेली की हवेने बिघडते आणि हा वास येतो. आपल्याकडेही बिघडत असणारच. पण आपण त्या भातावर तूप ओततो, वर आमटी, बाजूला लोणचं, मठ्ठा. साध्या भाताला आपल्या पानात एकट्याने तोंड दाखवायची वेळ फारशी येत नाही. इथे भात वाडग्यात एकटा बसतो. मीठ नाही, तूप नाही, वर काही ओतणं नाही. सोया सॉस ओतला तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण बघतात. नऊ वर्षांपूर्वी, नवी नवी असताना, मी एका जेवणात मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, भातावर ओतून छान कालवून खाल्लं. मला तर ते वरणभातासारखंच वाटलं. शेजारी बसलेल्या आजी हसून म्हणाल्या, "नेको मान्मा!" अर्थ नंतर कळला. मांजराचं जेवण. उभा महाराष्ट्र लहानपणी ज्यावर वाढला, ते इथे मांजराला घालतात.

या आजी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. माहेर निइगाता प्रांताचं, म्हणजे कोशिहिकारी तांदळाच्या गावच्याच म्हणायच्या. या जातीला १९५६ साली नाव मिळालं आणि पुढे जपानचा सगळ्यात जास्त पिकणारा तांदूळ तोच झाला. तेव्हा तांदळाच्या बाबतीत आजींचा शब्द मी बाबांच्या शब्दाइतकाच मानते. दुसऱ्या दिवशी वाटीभर तांदूळ घेऊन खाली गेले. त्यांनी मूठभर हातात घेतला, नाकाशी नेला, आणि "अरे अरे" म्हणाल्या. (जपानीतही "आरे आरे"च म्हणतात. अर्थही जवळपास तोच.)

मग त्यांनी करून दाखवलं.

पहिलं पाणी ओतलं आणि ओतल्या ओतल्या फेकलं. मी तांदूळ धुताना बोलत बसते, पाणी तसंच राहतं. त्या म्हणाल्या, कोरडा तांदूळ पहिलं पाणी सगळ्यात जास्त पितो, मग ते घाण पाणी कशाला पाजायचं? पुढे बोटं वाकवून, पाण्याशिवाय, ओल्या तांदळावर गोल गोल हात फिरवला. वाळूत हात फिरवल्यासारखा आवाज येतो. पुन्हा पाणी, पुन्हा हात, असं चार वेळा. पाणी अगदी नितळ होईपर्यंत नाही, तळाचे दाणे धूसर दिसतील इतपत. मग भिजवणं. एरवी उन्हाळ्यात अर्धा तास पुरतो, या पणजोबांना त्यांनी दीड तास दिला आणि पाणी एरवीपेक्षा दोन-तीन चमचे जास्त.

त्यानंतर ड्रॉवरमधून कोंबूची पट्टी काढली. कोंबू म्हणजे उत्तरेच्या होक्काइदो बेटाकडचं वाळवलेलं समुद्री शेवाळ, काळपट हिरवं, चामड्यासारखं कडक. वर पांढरी भुकटी असते, बुरशी वाटते पण नसते. ती धुवायची नाही, ओल्या फडक्याने नुसतं टिपायचं. चवीचा भाग तोच. बोटभर लांबीचा तुकडा तांदळावर ठेवला. एक मोठा चमचा स्वयंपाकाची साके, म्हणजे तांदळाची दारू, वास मारायला. थोडी मिरिन, म्हणजे तिचीच गोड बहीण, तकाकीला. शेवटी मापातलं तेवढं पाणी काढून बर्फाचे दोन खडे टाकले. बर्फ कशाला, तर पाणी हळूहळू तापावं म्हणून. कोमट असताना जितका जास्त वेळ जाईल तितकी तांदळातली साखर सुटते आणि भात गोड लागतो.

कुकर वाजल्यावरही त्यांनी झाकण उघडू दिलं नाही. दहा मिनिटं वाफ मुरू दिली. मग कोंबू काढून लाकडी उलथन्याने भात तळापासून कापत कापत वर आणला. दाबायचा नाही, कापायचा. तळाला जी सोनेरी पापडी धरते तिला त्या ओकोगे म्हणतात. आपली खरवडच. खरवडीवर हक्क कोणाचा, यावरून आम्ही भावंडं भांडायचो हे सांगितल्यावर त्यांनी अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.

भात वेगळाच झाला होता. कोंबूची अशी चव लागत नाही, समुद्राचा वासही येत नाही. भातच जास्त भातासारखा लागतो, एवढंच. ही चव पकडली तोक्यो इम्पीरियल विद्यापीठाच्या किकुनाए इकेदा यांनी, १९०८ साली. कोंबूच्या पाण्यातून त्यांनी ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. शाकाहारी मंडळींनी हे वाक्य जपून ठेवा: इथे सूपात, सॉसमध्ये, अगदी बटाट्याच्या भाजीतही मासा लपलेला असतो, पण कोंबू निव्वळ शेवाळ आहे. सासूबाई तीन महिने आल्या होत्या तेव्हा याच पट्टीने मला तारलं. मात्र ती पट्टी शेवाळाची आहे हे मी त्यांना शेवटच्या आठवड्यात सांगितलं.

वासाची मात्र गंमत आहे. १९९३ साली इथे उन्हाळा थंड गेला, पीक बुडालं आणि थायलंडहून तांदूळ आणावा लागला. आजी सांगत होत्या, त्या तांदळाला "वास येतो" म्हणून लोकांनी नाकं मुरडली. तो वास म्हणजे सुवासिक तांदळाचा! आपण ज्याच्यासाठी आंबेमोहोर शोधत फिरतो, त्याच जातीचा. माझ्या आजोळी अंगणात आंबेमोहोराच्या पानाचं झुडूप होतं. साध्या तांदळात एक पान गाठ मारून टाकलं की गल्लीला कळायचं आज यांच्याकडे चांगला तांदूळ शिजतोय. आजीची ती लबाडीच होती. तिच्या भातात वास बाहेरून आणायचा. या आजींच्या भातात वास घालवायचा, आणि मग जे उरेल त्याला वर काढायचं. मी दोन्हीच्या मध्ये लटकलेली.

म्हणून आमच्या घरात पणजोबांचे दोन अवतार झाले. आठवड्यात चार दिवस आजींची पद्धत, पण साके आणि मिरिनऐवजी चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप, कोंबू तसाच. तूप आधी घातलं की शिताला तकाकी येते आणि तो कपाटातला वास पार दबतो. लवंग, तमालपत्र घालून पाहिलं. कोंबूशी त्यांचं जमत नाही, दोघांपैकी एकालाच बोलवा. हिरवा मटार मात्र फार छान जमतो. इथेही मामे गोहान म्हणून मटारभात करतातच, नुसत्या मिठावर.

आणि उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात. इथे हा तांदूळ खरा कामाला आला. इथल्या नव्या तांदळाचा फोडणीचा भात म्हणजे गोळा, नऊ वर्षं मी त्याच्याशी झगडत होते. पणजोबांचं शीत न् शीत सुटं. मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून लिंबू. नवरा म्हणाला, "आता कुठे घरी आल्यासारखं वाटतंय." म्हणजे इतकी वर्षं तो कुठे राहत होता कोण जाणे.

एक सावधगिरी, स्वतःच्या अनुभवातून. इथल्या कुकरबरोबर येणारं माप एक गो, म्हणजे १८० मिलीलिटरचं असतं. कुकरच्या आतल्या पाण्याच्या रेघा त्याच मापाच्या. मी सुरुवातीची दोन वर्षं पुण्याहून आणलेल्या मोठ्या कपाने तांदूळ घ्यायचे, पाणी रेघेपर्यंत भरायचे, आणि भात टचटचीत राहिला की कुकर खराब आहे म्हणायचे. मग चिडून पाणी वाढवलं की गिचका. एकदा तर नवा कुकर घ्यायला दुकानापर्यंत जाऊन आले.

आता मेतकूट. आजींनी इतकं शिकवलं, तर मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून आईने पाठवलेल्या मेतकुटातलं चार चमचे डबीत घालून नेलं. गरम भात, वर मेतकूट, वर तूप. त्यांनी आधी पिवळ्या भुकटीकडे संशयाने पाहिलं, मग एक घास घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे फुरिकाके!" फुरिकाके म्हणजे भातावर भुरभुरवायची इथली कोरडी पूड. तीळ, नोरी (वाळवलेलं पातळ शेवाळ), मीठ, माशाचा कीस. कुमामोतोच्या एका औषधवाल्याने शंभरेक वर्षांपूर्वी लोकांना कॅल्शियम मिळावं म्हणून माशाची हाडं दळून ती तीळ-नोरीत मिसळली, तिथून हे सुरू झालं म्हणतात. आमचंही औषधासारखंच, मी म्हटलं. आजारी माणसाला गुरगुट्या भातावर हेच देतात. त्यावर त्या उठल्या आणि पांढऱ्या पेजेच्या वाडग्यात एक उमेबोशी ठेवून घेऊन आल्या. ओकायु. इथल्या आजाऱ्याचं जेवण. खारवलेलं आंबट आलुबुखारासारखं फळ मधोमध, बाकी सगळा गुरगुट्या भात. दोघी आजारी नसताना आजाऱ्यांचं जेवण जेवलो.

भातातून काढलेला कोंबू टाकून द्यायचा नसतो. आजी तो बारीक चिरून सोया सॉस-साखरेत आटवतात. मी एकदा तोच तव्यावर कोरडा करून लसूण, लाल तिखट, तीळ आणि दाण्याचं कूट घालून कुटला. चटणी म्हणायला हरकत नाही अशी झाली. त्यातली थोडी खाली दिली, तिखट आहे हे तीनदा सांगून. रात्री साडेनऊला दार वाजलं. डबी धुऊन परत, डोळ्यांत पाणी, नाक लाल. "गोहान गा सुसुमु," म्हणाल्या. शब्दशः भात पुढे सरकतो. आपल्याकडे चार घास जास्त जातात म्हणतो तेच. तीन वाडगी झाली होती म्हणे.

नवा होता की कोकोमाई, ते काही मी विचारलं नाही.