मावशीच्या मृत्युपत्राचे प्रोबेट : वकील शोधण्यापासून हिशेब देण्यापर्यंत

माझी मावशी मार्च 2016 मध्ये मुंबईत वारली. ती अविवाहित होती, दादरला एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत तिची स्वतःच्या कमाईची सदनिका होती आणि दोन बँकांत मुदत ठेवी होत्या. तिच्या कपाटात सापडलेल्या मृत्युपत्रात सदनिका धाकट्या मामांना, तर ठेवी माझी आई आणि दिवंगत मोठ्या मामांची दोन मुले यांना दिलेल्या होत्या. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, म्हणून माझे नाव होते. मावशीने मला याबद्दल कधी अवाक्षरही सांगितले नव्हते.

मी नाशिकला राहत असल्यामुळे साहजिकच आधी तिथल्याच, आमच्या घरी येणेजाणे असलेल्या वकिलांकडे गेलो. जमिनीच्या वाटपाच्या दाव्यांत त्यांचा हातखंडा होता, पण मृत्युपत्राचा हा विषय त्यांच्या रोजच्या कामातला नव्हता आणि तसे त्यांनी कबूल केले असते तर माझे तीन महिने वाचले असते. वारस दाखला काढला की काम भागेल, असे त्यांचे म्हणणे पडले. वारस दाखल्याने वारस कोण एवढेच ठरते. मृत्युपत्रातील तरतुदी अमलात आणण्याचा अधिकार एक्झिक्युटरला त्यातून मिळत नाही, हे मला बँकेच्या खिडकीवर कळले. बँकेने प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, मागितले. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधील त्या वेळी लागू असलेल्या कलम 213 नुसार मुंबईतील स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्रावरून, प्रोबेट घेतल्याशिवाय, न्यायालयात हक्क सांगता येत नसे, त्यामुळे संस्थाही त्याच कागदावर अडून बसली होती.

तेव्हा मुंबईतलाच, आणि त्यातही उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे प्रकरणे थेट दाखल होतात तिथे, मृत्युपत्रांचीच कामे करणारा वकील हवा, हे पक्के झाले. मी तिघांना भेटलो. पहिल्यांनी सदनिकेच्या किमतीच्या काही टक्के फी सांगितली. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेण्यास बार कौन्सिलचे नियम वकिलाला मनाई करतात, हे मी वाचून गेलो होतो, म्हणून तिथून उठलो. दुसऱ्यांच्या कार्यालयात माझी कागदपत्रे उघडलीच गेली नाहीत. सगळे ‘होऊन जाईल’ या दोन शब्दांत आटोपले. तिसऱ्या वकीलबाईंनी मात्र मला बसवून ठेवून आधी मृत्युपत्र वाचले, मग विचारले, “साक्षीदार हयात आहेत का?” त्याच क्षणी मी मनाशी निर्णय घेतला, कारण तोवर हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. त्यांनी फी तीन टप्प्यांत, ठरावीक रकमेत आणि लेखी सांगितली, आणि कोर्ट फी तिच्यात धरलेली नाही हेही त्याच कागदावर लिहून दिले. ही कोर्ट फी मालमत्तेच्या मूल्यावर आकारली जात असली, तरी त्या वेळी महाराष्ट्रात प्रोबेटसाठी तिची कमाल मर्यादा 75,000 रुपये होती आणि आम्हाला ती पूर्ण भरावी लागली.

त्या पहिल्या भेटीतली एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. नाशिकच्या कार्यालयात झेरॉक्स काढताना कोणीतरी मूळ मृत्युपत्राची पिन काढून नवी मारली होती. वकीलबाईंनी कागद खिडकीजवळ उजेडात धरला आणि कोपऱ्यातल्या चार भोकांवर बोट ठेवून म्हणाल्या, “दोन कुठली आणि दोन कुठली? याला आणखी काही जोडलेले होते आणि ते काढून टाकले, असे उद्या कोणी म्हणाले तर?” मी ओशाळलो. नंतर त्यांनी प्रतिज्ञापत्रात त्या भोकांचा खुलासा एका परिच्छेदात घातला. मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा होते आणि पुन्हा हातात येत नाही, त्यामुळे त्याला टाचणी, पंच, पेन्सिलची खूण यांपैकी काहीही लागू देऊ नये, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

दुसरी चूक वारसांच्या यादीत होती. मृत्युपत्र असले, तरी ते नसते तर ज्यांना हक्क पोहोचला असता त्या सर्वांची नावे अर्जात द्यावी लागतात आणि त्यांची संमती तरी मिळवावी लागते किंवा त्यांच्यावर न्यायालयाची नोटीस तरी बजावावी लागते. आधीच्या वकिलांनी माझी आई आणि धाकटे मामा एवढीच दोन नावे घातली होती. आई-वडील हयात नसलेल्या अविवाहित हिंदू स्त्रीची स्वकष्टार्जित मालमत्ता, 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे, तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते, आणि ती जणू वडिलांचीच मालमत्ता आहे असे मानून वाटणी होते. म्हणून आधी वारलेल्या मोठ्या मामांची दोन्ही मुलेही वारस ठरत होती. ती नावे राहून गेली असती तर पुढे मिळालेला आदेशही रद्द करून मागता आला असता.

नाजूक प्रकरण होते ते त्या दोघांतल्या माझ्या मामेबहिणीचे. मावशीने फार वर्षांपूर्वी संस्थेत तिचे नाव नॉमिनी म्हणून दिले होते, आणि नॉमिनी म्हणजे मालक अशी तिची प्रामाणिक समजूत होती. मी संमतीपत्राचा मसुदा पाठवायला निघालो होतो. वकीलबाईंनी थांबवले. आधी मृत्युपत्राची प्रत घेऊन स्वतः तिच्याकडे जा, असे त्यांनी सुचवले, कारण तिने कॅव्हेट, म्हणजे न्यायालयात विरोधाची लेखी सूचना, आणि त्या कॅव्हेटच्या समर्थनार्थ प्रतिज्ञापत्र दाखल केले असते तर अर्जाचे रूपांतर दाव्यात होऊन साक्षीपुरावे, उलटतपासणी असे सगळे सुरू झाले असते. मी गेलो. तिने मावशीची सही बराच वेळ पाहिली, नंतर दोन दिवस मागून घेतले, आणि स्वतःच्या ओळखीच्या वकिलाला विचारून संमती दिली. संस्थेच्या दृष्टीने नॉमिनी हा तात्पुरता ताबेदार, वारसांचे हक्क त्याने बुडत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा त्या तिऱ्हाईत वकिलाच्या तोंडून पटले, यात नवल नाही. तिचा भाऊ परदेशात असल्यामुळे त्याचे प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीत करून मागवावे लागले.

साक्षीदारांपैकी शेजारचे गृहस्थ केव्हाच वारले होते. उरले होते मावशीचे डॉक्टर, तेही दवाखाना बंद करून मुलाकडे ठाण्याला गेलेले. त्यांचा पत्ता एका जुन्या औषधाच्या दुकानदाराकडून मिळाला. किमान एका साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र मिळाल्याने काम भागले, मात्र त्यात ‘मी सही केली’ एवढे पुरत नाही. मावशीने त्यांच्या आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या देखत सही केली आणि त्या दोघांनी तिच्या देखत केली, असे स्पष्ट यावे लागते. डॉक्टरांनी मसुदा दोनदा वाचला आणि एका वाक्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “त्या दिवशी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या, हे मी लिहून देतो, कारण माझ्या फीचा हिशेब त्यांनीच चुकता केला होता.”

अर्ज नोव्हेंबर 2016 मध्ये दाखल झाला आणि मग ऑब्जेक्शनांचा, म्हणजे अर्जातल्या त्रुटी काढण्याचा, काळ सुरू झाला. न्यायालयाच्या विभागातून आलेल्या यादीत पहिला मुद्दा नावाचा होता : मृत्युपत्रात मावशीचे घरचे नाव, मृत्यू दाखल्यावर शाळेतले. ‘ऊर्फ’ घालून शीर्षकापासून प्रत्येक परिशिष्टापर्यंत दुरुस्ती करावी लागली. एका ठेवीची रक्कम व्याजासह मृत्यूच्या तारखेला किती होती, याचा बँकेचा दाखला नव्हता. तो मिळायला दीड महिना गेला, आणि बँकेतल्या साहेबांनी प्रत्येक वेळी नवी तारीख दिली. वकीलबाईंचे कारकून दर आठवड्याला विभागात जाऊन यादीतला एकेक मुद्दा निकाली काढत होते. मुंबईतला वकील घेण्याचा खरा उपयोग मला इथे दिसला, कारण यांतल्या एकाही फेरीसाठी मला नाशिकहून यावे लागले नाही.

सप्टेंबर 2017 मध्ये प्रोबेट हाती आले, न्यायालयाच्या शिक्क्यासह आणि मागे जोडलेल्या मृत्युपत्राच्या प्रतीसह. बँकांनी पंधरा दिवसांत ठेवी मोकळ्या केल्या. संस्थेने शेअर सर्टिफिकेटवर धाकट्या मामांचे नाव चढवले. पण एक्झिक्युटरची जबाबदारी इथे संपत नाही : प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात जमाखर्चाचा हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो, आणि हे बहुतेक जण विसरतात, असे वकीलबाईंनीच बजावले होते. मी अंत्यविधीच्या पावतीपासून शेवटच्या वीजबिलापर्यंत सगळे एका वहीत उतरवून ठेवले होते. त्यांनी ती वही चाळली, एका जागी बेरीज चुकल्याचे दाखवले आणि दुरुस्त करून त्याच आठवड्यात दोन्ही कागद दाखल केले.