टेबल आवरायचं नाही

"नोकरी सांभाळून, घरात राहून, इतकी वर्षं एकाच फिल्मच्या मागे लागलीस. सोडून द्यावंसं वाटलं नाही? टिकलीस कशी?"

लग्नकार्यात भेटणाऱ्या मावश्या-आत्या हे विचारतात, मिलमधले सहकारी विचारतात. अलीकडे कॉलेजातल्या मुली घरी येऊन विचारायला लागल्या आहेत, आणि त्या विचारतात तेव्हा त्यांचं स्वतःचं काहीतरी अडलेलं असतं. कुणाची कादंबरी अर्ध्यावर असते, कुणी चित्रांची वही दोन वर्षांपूर्वी मिटून ठेवलेली असते. उभ्या उभ्या उत्तर देऊन त्यांना वाटेला लावायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी काम काय आहे ते. मी बाहुल्यांची स्टॉप-मोशन फिल्म करते आहे. टेबलावर बाहुली उभी करायची, फोटो काढायचा, तिचा हात केसभर हलवायचा, पुन्हा फोटो काढायचा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी पळतो. एकेक फोटो दोन-दोन चौकटी ठेवला तरी डोळ्याला हालचाल सलग वाटते, म्हणजे सेकंदाला १२ फोटो लागतात. माझी फिल्म सहा मिनिटांची आहे. तिला ४,३२० फोटो लागणार, आणि वाया जाणारे वेगळे.

गोष्ट माझ्या आजीची आहे. तिचं माहेर तापीकाठचं. हतनूरचं धरण १९८२ साली पुरं झालं. पावसाळ्यात "हतनूरचे ४१ दरवाजे उघडले" अशी बातमी दरवर्षी येते, तेच हे धरण. त्याच्या पाण्यात आजीच्या गावाचं जुनं गावठाण गेलं आणि वरच्या अंगाला नवं गाव वसलं. नव्या गावात घरं आहेत, देऊळ आहे, शाळा आहे. आखाजीला माहेरवाशिणी ज्याला झोके बांधायच्या तो निंब तेवढा नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात लेकींसाठी हा दिवाळीच्या तोडीचा सण. दर आखाजीला आजी त्या निंबाची आठवण काढते. तिच्या डोळ्यांना नीट दिसतंय तोवर तो निंब मला तिला दाखवायचा आहे.

मी भुसावळला राहते. नोकरी जळगावच्या एमआयडीसीत, एका डाळ मिलच्या हिशेबखात्यात. सकाळच्या गाडीने जाते, दिवेलागणीनंतर परतते. माझ्याबरोबर चित्रं काढणाऱ्या बहुतेक मैत्रिणी पुण्याला गेल्या. मी इथेच राहिले. आजी इथे आहे आणि फिल्मही इथलीच आहे.

आता उत्तर. मी टिकले ती टेबलामुळे.

मागच्या खोलीत एक जुनं टेबल आहे, आणि ते आवरायचं नाही असं आमच्या घरात ठरलेलं आहे. मी मिलमध्ये असते तेव्हाही निंब उभा असतो, दिवे आपापल्या जागी असतात, कॅमेरा तिपाईवर असतो. रात्री जेवून खोलीत गेलं की दोन मिनिटांत पहिला फोटो निघतो. याची किंमत दमलेल्या माणसालाच कळेल. सामान काढायला अर्धा तास आणि ठेवायला अर्धा तास लागत असेल, तर नोकरीवरून आलेली बाई त्या कामाला हात लावणार नाही. माणसं याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. मी पाहिलेले बहुतेक छंद काढण्या-ठेवण्यातच संपलेले आहेत.

टेबल राखायचं काम माझ्यापेक्षा आईने जास्त केलं. दिवाळीची साफसफाई, चुलतभावाचं लग्न, पाहुण्यांनी भरलेलं घर, या सगळ्यात तिने ती खोली सांभाळली. एकदा पाहुण्यांची गादी त्या खोलीत घालायची वेळ आली. तिने टेबलाभोवती जुनी चादर बांधली आणि पोरांना दटावलं, "तिथे हात लावायचा नाही, तिचं काम चालू आहे." तिने त्याला 'काम' म्हटलं. त्यानंतर घरात कुणी त्याला 'तुझं ते बाहुल्यांचं' म्हणालं नाही.

टेबल मांडून ठेवायची बुद्धी मला चाळीसगावला झाली. तिथे स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता त्याचं संग्रहालय झालंय. १९८९ साली ते वारले. त्याआधीची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी घराबाहेर क्वचितच पाऊल टाकलं. घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर उजेड पाडून ते आख्खी निसर्गदृश्यं उभी करायचे आणि त्यांची छायाचित्रं काढायचे. त्या चित्रांपुढे मी बराच वेळ थांबले होते. अनुकरण करायचं ते त्यांच्या एकांतवासाचं नव्हे. मला आई, आजी, मिल, गाडीतल्या बायका सगळं हवं आहे. पण एका टेबलावर जग मावतं, हे त्या घरात डोळ्यांनी बघितलं.

दुसरी गोष्ट म्हणजे, कामाचे तुकडे माझ्या रात्रीच्या मापाचे केले. स्टॉप-मोशनमध्ये शॉट अर्धा टाकून झोपता येत नाही. रात्रीतून लुगड्याच्या चुण्या बसतात, तारेचा हात सैल पडतो, आणि सकाळी पुढचा फोटो काढला की बाहुली दचकल्यासारखी दिसते. म्हणून सगळी फिल्म मी तीन-चार सेकंदांच्या शॉटमध्ये पुन्हा आखली. तीन सेकंद म्हणजे ३६ फोटो, चार म्हणजे ४८. जेवणं झाल्यापासून झोपेपर्यंत एवढं होतं. लांब शॉट रविवारी. या आखणीने फिल्मची चालही ठरली. ती थांबत थांबत जाते, आणि म्हाताऱ्या बाईच्या आठवणीला ती चाल शोभते.

सगळ्यात लांब शॉट झोक्याचा, आणि त्याच्याविषयी मी कितीही बोलू शकते. निंबाच्या फांदीला चार मीटर दोर बांधला तर झोका जाऊन परत यायला साधारण चार सेकंद घेतो. माझ्या टेबलावर दोर आहे चाळीस सेंटीमीटरचा. तो नुसता सोडला तर सव्वा सेकंदात परत येतो, आणि ते खेळण्यातलं झुलणं वाटतं. म्हणून त्या इवल्या झोक्याला मोठ्या झोक्याचा वेळ हाताने द्यावा लागतो. एका फेरीला ४८ फोटो. तेही सारख्या अंतराने काढून चालत नाही. झोका टोकाला गेला की रेंगाळतो, तिथे फोटो अगदी जवळजवळ लागतात. मधून जाताना सुसाट जातो, तिथे एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत चांगलं बोटभर अंतर पडतं. सुतळीच्या पोटात ॲल्युमिनियमची तार ओवलेली आहे, म्हणजे ठेवला तिथे दोर थांबतो. मागे पुठ्ठ्यावर मी पेन्सिलने खुणा केल्या आहेत, टोकांना दाट, मध्ये विरळ.

खुणा बरोबर होत्या, तरी बाहुली झोक्यावर ठेवलेल्या सामानासारखी दिसत होती. मी तो तुकडा आजीला मोबाईलवर दाखवला. तिने तो परत परत लावायला सांगितला आणि मग म्हणाली, "आसं नही वं माय, गुडघा वाकवा लागतो." भिंतीला धरून ती उभी राहिली आणि करून दाखवलं. झोका मागे गेला की गुडघे वाकतात, खालून वर जाताना बाई ताठ होते, आणि पदर एक श्वासभर मागे राहून मग येतो. कंबर दुखत असताना तिने ते दोनदा करून दाखवलं. झोका कसा चढतो हे पुस्तकात वाचता येतं. पदर उशिरा येतो हे मला तिच्याकडून कळलं. पदराच्या काठातही मी आता बारीक तार घातली आहे.

भुसावळचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. सुरुवातीच्या बाहुल्यांची डोकी रंगीत क्लेची होती. दिवसभर बंद राहिलेल्या खोलीत ती मऊ पडायची, नाक खाली उतरायचं, हनुवटी गळ्याला टेकायची. यावरही तोड आजीनेच काढली. पूर्वी घरोघरी रद्दी कागद भिजवून, त्यात मेथ्या वाटून घालून, त्या लगद्याच्या टोपल्या करायचे. तोच लगदा तिने मला कुटून दिला. त्याची डोकी वाळली की टणक होतात, उन्हाला दाद देत नाहीत, आणि पृष्ठभाग किंचित खरबरीत राहतो, उन्हात राबलेल्या बाईच्या कातडीसारखा. क्लेच्या गुळगुळीत चेहऱ्यांपेक्षा हे चेहरे कितीतरी खरे दिसतात.

निंबाचं खोड आणि फांद्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, काड्यांच्या आहेत. पाला कागदाचा, कारण खरी पानं तासाभरात वळायला लागतात आणि फिल्ममध्ये झाड थरथरतं. कागदाची पानं कूलरच्या वाऱ्याने हलतात, म्हणून फोटो काढताना कूलर बंद. घर यार्डापासून जवळ आहे; मालगाडी निघाली की टेबलाला हादरा बसतो, तेवढा वेळ हात आवरून बसायचं. खिडकीला काळा कागद लावलेला आहे. आपल्या विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे साध्या दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फोटो झटपट काढले तर फिल्ममध्ये उजेड फडफडतो. मी शटर अर्धा सेकंद उघडं ठेवते, की ती घटबढ फोटोत मिसळून जाते. अंगात गडद रंगाचा कुडता घालते, कारण पांढऱ्या कपड्याचा उजेड बाहुलीवर पडतो.

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. टिकून राहायला मनाची मोठी ताकद लागते अशी पुष्कळांची समजूत असते. मला रोज रात्री त्या खोलीत ओढून नेलं ते असल्या बारीकसारीक प्रश्नांनी. काल पदर जड वाटला, आज काठातली तार बारीक घेऊन बघू. एवढंच मनात असायचं. 'फिल्म पुरी करायची' हा विचार घेऊन मी खोलीत गेलेली नाही. तो विचार फार मोठा आहे, आणि दमलेल्या संध्याकाळी तो पेलत नाही.

शिवाय 'रोज एक तास द्याच' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी तुरीच्या हंगामात डाळ मिलमध्ये यावं. नवी तूर यायला लागली की घरी यायला नऊ वाजतात, आणि त्याला लागूनच मार्चअखेर येते. ते महिने मी फिल्म करत नाही आणि त्याचं ओझंही घेत नाही. टेबलावर आजीचं जुनं लुगडं पांघरते आणि हिशेब करते. परत यायची वाट मात्र आधीच करून ठेवलेली असते. प्रत्येक बैठकीच्या शेवटी वहीत पुढच्या शॉटची पहिली हालचाल लिहायची: "आजी दोर धरते. आधी डावा हात. मान सगळ्यात शेवटी." एप्रिलमध्ये वही उघडली की काय करायचं याचा विचारच करावा लागत नाही. डावा हात उचलायचा.

"एवढे फोटो काढून एवढीशी फिल्म?" असं विचारणाऱ्या मावशीला मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगते. 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर रोज त्याचं चित्र घेतलं. ती चित्रं सलग दाखवली तेव्हा बघता बघता वेल वाढताना लोकांनी पाहिला, आणि त्यावरच त्यांना पुढच्या कामासाठी पैसा उभा करता आला. ते त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. मावशीला वाटाण्याची गोष्ट आवडली. परवा फोन करून तिने निंबाचं काय झालं असं विचारलं. किती राहिलं, असं नाही विचारलं.

फिल्ममध्ये धरणाचं पाणी चढतं तो भाग अजून व्हायचा आहे. खरं पाणी टेबलावर चालत नाही. त्याचे थेंब आणि लाटा बाहुलीच्या मापाने लहान होत नाहीत. काच, पारदर्शक प्लास्टिक आणि ग्लिसरीन घेऊन प्रयोग चालू आहेत. यंदाचा पावसाळा त्यातच जाईल.

फैजपूरकडची एक मुलगी मध्यंतरी आली होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "ताई, पण आमच्याकडे एकच खोली आहे. टेबल कुठून आणू?" प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आम्ही दोघी अंगणात बसून विचार करत राहिलो. तिचे वडील केळीच्या पॅकिंगला जातात, तेव्हा घरात केळीचे खोके पडलेले असतात. त्यातल्या एका खोक्याची पुढची बाजू कापली, आत शेत आणि बांध मांडला, वरच्या झाकणाला भोक पाडून छोटा दिवा सोडला. रात्री खोका खाटेखालून ओढायचा, काम झालं की तसाच आत सरकवायचा. आतलं काही हलत नाही. तिने बैलाचे दोन सेकंद पाठवले आहेत. मान चांगली वळलीये, शेपूट मात्र प्रत्येक फोटोत वेगळीकडे जातं. दोऱ्याचं शेपूट काढ आणि बारीक तारेवर दोरा गुंडाळून बसव, असं मी तिला कळवलं आहे.