जीवाणू एकच, गाई दोन

इंदूरजवळ राऊच्या बाजूला असलेल्या एका गोठ्यातली ही कासदाहाची, म्हणजे कासेच्या सुजेची, केस डोक्यातून जात नाही. दोन संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाई, एकाच दावणीला. तांबडी पाच महिन्यांची दुभती. एका सडातून गुठळ्या, थोडा ताप, पण चारा खात होती. काळी व्यायला चार दिवस झालेले. कान गार, डोळे खोल गेलेले, बसली ती उठेना.

पॅडलच्या वाट्यांत दोघींचं दूध घेऊन तेवढंच सीएमटीचं (दुधावरून कासदाह ओळखायच्या चाचणीचं) जांभळं द्रावण घातलं आणि फिरवलं. तांबडीचं दूध जेलीसारखं घट्ट झालं. काळीचं पिवळसर पाणी जेमतेम चिकटलं. "ताई, हिची कास तर बरी दिसतेय," गोठ्याच्या मालक काकांचा मुलगा म्हणाला. मला धडकी भरली. ते द्रावण पेशी फोडून त्यांचा डीएनए मोकळा करतं, त्यानं दूध घट्ट होतं. म्हणजे घट्टपणा ही पांढऱ्या पेशी कासेत पोचल्याची खूण. काळीच्या कासेत कुमक पोचलीच नव्हती. रक्ताच्या स्लाइडवरही न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) तुरळक, त्यातले बरेचसे अपक्व.

पुढे कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहिल्यावर, दोघींच्या दुधात ई. कोलाय हाच जीवाणू निघाला. न्यूट्रोफिल वेळेत आले तर तो तिथेच आवरतो. उशीर झाला तर तो बेसुमार वाढतो, मरताना एंडोटॉक्सिन नावाचं विष सोडतो आणि दुखणं कासेपुरतं राहत नाही.

आदल्या दिवसापासून कुणीतरी येऊन अँटिबायोटिक बदलून बदलून टोचत होतं. याचा मला मनापासून संताप येतो, कारण ते विष अँटिबायोटिकनं उतरत नाही. मी मानेच्या शिरेतून साडेसात टक्क्यांचं सलाइन दोन लिटर सोडलं, लगेच बादल्या भरून पाणी पाजलं. सूज-ताप उतरवायला मेलोक्झिकॅम दिलं, कातडीखाली कॅल्शियम दिलं, ऑक्सिटोसिन देऊन सड पुन्हा पुन्हा पिळून काढलं. रात्री उशिरा काळी उठली. ते सड मात्र या वेतापुरतं गेलं.

काळीच्या लघवीची पट्टी कीटोनसाठी गडद जांभळी झाली होती. खुराक कमी पडून अंगातली चरबी जळू लागली की हे कीटोन वाढतात. व्यायच्या सुमारास न्यूट्रोफिल तसेही मंदावतात, कीटोन वाढले की आणखीच. काका म्हणाले, "आटवली तेव्हापासून पेंड बंद केली. दूध नाही, तर खुराक कशाला?" हा हिशेब मी गोठ्यागोठ्यांत ऐकते.

काका अजून विचारतात, कुठलं इंजेक्शन लागू पडलं? तांबडी आता गाभण आहे. व्यायच्या तीन आठवडे आधी तिचा खुराक हळूहळू वाढवायचा, असं ठरवून घेतलंय, आणि तो वाढतो का ते बघायला मी जाणार आहे.