के-थिअरी कुठून सुरू करू?

"सर, अल्जेब्राइक के-थिअरी शिकायचीय, कोणतं पुस्तक घेऊ?" नांदेड, परभणी, लातूरकडची एम.एस्सी. झालेली मुलं-मुली मला हे सारखं विचारतात. अल्जेब्राइक के-थिअरी म्हणजे रिंगपासून के-शून्य, के-एक, के-दोन असे ग्रुप तयार करून तिचा अभ्यास करणारी बीजगणिताची शाखा. त्यातले बरेच जण थेट वरच्या के-ग्रुपांची व्याख्या देणारा क्विलनचा १९७३ चा पेपर उघडून बसलेले असतात. "वाचायलोय सर, पण डोक्यात शिरंना." तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. पुस्तकाचं नंतर बघू, आधी एक गणित हाताने करा.

अ + ब√−५ अशा संख्यांची रिंग (बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालतात असा संच) घ्या. अ आणि ब पूर्णांक. तिच्यात २ आणि १+√−५ या दोघांपासून तयार होणारं आयडियल, म्हणजे या दोघांच्या रिंगमधल्या पटींच्या सगळ्या बेरजा, बघा. ते एकाच संख्येपासून तयार झालं असतं, तर त्या संख्येचा नॉर्म (म्हणजे अ² + ५ब²) २ आला असता. पण अ² + ५ब² = २ याला पूर्णांकांत उत्तरच नाही. म्हणजे मॉड्यूल (बेरीज आणि रिंगमधल्या संख्यांनी गुणाकार चालतो असा संच) म्हणून हे आयडियल फ्री नाही, रिंगच्याच प्रती जोडून ते बनत नाही. आता त्याचा वर्ग करा. त्यात ४ येतात, २+२√−५ येतात आणि (१+√−५)² म्हणजे −४+२√−५ येतात. शेवटच्या दोहोंची वजाबाकी ६, त्यातून ४ गेले की उरले २. बाकी सगळ्याला २ ने भाग जातोच. म्हणजे वर्ग केला की नेमकं २ चं आयडियल मिळतं. त्यामुळे मूळ आयडियल प्रोजेक्टिव्ह (म्हणजे फ्री मॉड्यूलचा सुटा निघणारा तुकडा) ठरतं, आणि डेडेकिंड रिंगचा नियम (दोन आयडियलांची जोडी म्हणजे रिंगची एक प्रत आणि त्यांचा गुणाकार) लावला की त्याच्या दोन प्रतींची डायरेक्ट सम, म्हणजे जोडी, चक्क फ्री निघते. एकटं फ्री नाही, जोडीनं आहे! के-शून्य हा ग्रुप हीच नोंद ठेवतो. या रिंगच्या के-शून्यात पूर्णांकांच्या जोडीला दोन घटकांचा एक तुकडा असतो, तो या आयडियलमुळेच.

एवढं वहीत उतरलं की प्रश्न आपोआप पडायला लागतात. एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "दोन मॉड्यूलांची के-शून्यातली किंमत सारखी, तर ती मॉड्यूलं पण सारखीच ना?" फार चांगला प्रश्न. उत्तर 'नाही'. x² + y² + z² = १ या गोलावरच्या वास्तव बहुपदींची रिंग घ्या. तिथल्या स्पर्शिकांच्या मॉड्यूलमध्ये फ्री मॉड्यूलची एक प्रत मिळवली की तीन प्रतींचं फ्री मॉड्यूल होतं, पण ते स्वतः फ्री नाही. कारण गोलावर कुठेही शून्य न होणारं सलग स्पर्शिका-क्षेत्र नसतंच. "के-थिअरी समजत नाही" असं विचारलंत तर कोणीही काही सांगू शकत नाही. रिंग कोणती, मॉड्यूल कोणतं आणि कुठल्या पायरीवर अडलं, हे लिहून विचारा.

आपल्या विद्यार्थ्यांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. फील्डवरच्या बहुपदींच्या रिंगवर प्रत्येक फायनाइटली जनरेटेड प्रोजेक्टिव्ह मॉड्यूल फ्री असतं का, हा प्रश्न सेर यांनी १९५५ मध्ये मांडला. दोन चलांसाठी तो १९५८ मध्ये सेशाद्रींनी सोडवला, ते मुंबईच्या टाटा संस्थेत होते. सगळ्या चलांसाठीचं उत्तर १९७६ मध्ये क्विलन आणि सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे दिलं. प्रोजेक्टिव्ह मॉड्यूलमधून फ्री तुकडा कधी वेगळा काढता येतो, यावर पुढे भटवाडेकर आणि राजा श्रीधरन यांनी टाटा संस्थेतच पायाभूत काम केलं. हा विषय परका समजू नका.

आता पुस्तकं. सुरुवात मिल्नरच्या १९७१ च्या छोट्या पुस्तकाने करा. के-शून्य, के-एक, के-दोन एवढंच त्यात आहे आणि एक वाक्यही वाया गेलेलं नाही. वायबलचा २०१३ चा मोठा ग्रंथ सलग वाचायचा नाही. अडलं की उघडायचा, आणि त्यातले स्वाध्याय मात्र सोडवायचेच. त्याची प्रकरणं लेखकाने स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. गावच्या कॉलेजच्या ग्रंथालयात काही नसलं तरी तुमचं अडत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. क्विलनकडे वळताना मात्र तेव्हा टाटा संस्थेत असलेल्या व्ही. श्रीनिवास यांचं १९९१ चं पुस्तक शेजारी हवंच.

खरी अडचण टोपॉलॉजीची आहे. वरचे के-ग्रुप म्हणजे होमोटॉपी ग्रुप (अवकाशातली भोकं टिपणारे टोपॉलॉजीतले ग्रुप), आणि आपल्याकडचा अभ्यासक्रम बहुधा कॉम्पॅक्टनेस, कनेक्टेडनेसपाशी थांबतो. फंडामेंटल ग्रुप, कव्हरिंग स्पेस, फायब्रेशन हे शिकावंच लागेल, त्याला पळवाट नाही. पण त्या कष्टांच्या पलीकडे काय आहे बघा. पूर्णांकांचा के-चार शून्य आहे हे रोग्नेस यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलं. के-आठ, के-बारा असे चारच्या पटीतले पुढचे सगळे ग्रुप शून्य असणं आणि व्हँडिव्हरचं क्लास नंबरबद्दलचं अनुमान खरं असणं, या दोन्ही गोष्टी एकच आहेत. ते अनुमान अजून सुटलेलं नाही.

टोपॉलॉजी एकट्याने जमत नसेल तर राष्ट्रीय गणित केंद्राच्या फाउंडेशन स्कूलला अर्ज करा. बीजगणित आणि टोपॉलॉजी दोन्ही तिथे नीट, गणितं सोडवून घेऊन शिकवतात.