ऐकू येतंय का?

३१ ऑक्टोबर २०२०. शनिवार, त्यात हॅलोविन. संध्याकाळी बोरिस जॉन्सन टीव्हीवर आले आणि येत्या गुरुवारपासून इंग्लंड पुन्हा महिनाभर बंद, असं सांगून गेले. आमच्या रेडिंगच्या गल्लीत दोन-तीन दारांपुढे कोरलेले भोपळे मांडले होते, पण चॉकलेटं मागायला एकही पोर फिरकलं नाही. आणून ठेवलेली सगळी चॉकलेटं मी आणि नवऱ्याने मिळून संपवली. नऊच्या सुमाराला तो म्हणाला, "आता याहून काय घाबरायचंय? लाव तुझा तो सिनेमा."

तो सिनेमा म्हणजे 'होस्ट'. रॉब सॅव्हेज नावाच्या तरुण ब्रिटिश दिग्दर्शकाचा, त्याच वर्षी ३० जुलैला 'शडर' या भयपटांनाच वाहिलेल्या ओटीटीवर आलेला. तासाच्या आत संपतो. लॉकडाऊनमध्ये आपापल्या घरी अडकलेले सहा मित्रमैत्रिणी एका बाईंना झूमवर बोलावतात आणि आत्म्याला हाक मारायला बसतात. बाई 'ॲस्ट्रल प्लेन' म्हणाल्या की सगळ्यांनी एक घोट मारायचा, असा चावटपणाही ठरलेला. त्यातली जेमा कंटाळून एक मेलेला शाळासोबती मनानेच रचते. तेवढ्यात बाईंचं नेट जातं. आणि त्या रचलेल्या मित्राच्या रिकाम्या जागेवर दुसराच कोणीतरी येऊन बसतो. पुढे व्हायचं ते होतं. फुकटच्या झूमची चाळीस मिनिटं भरतात तिथे गोष्ट संपते, आणि श्रेयनामावलीसुद्धा झूमच्या सहभागींच्या यादीसारखीच उलगडते.

एव्हाना आम्ही सहा महिने झूमवरच जगत होतो. त्यामुळे ती पोरं मेणबत्त्या लावून बसली तेव्हा मला आधी हसूच आलं. झूमवर काय, प्लँचेटवर काय, माणूस तेच तर विचारत असतो. कोणी आहे का? ऐकू येतंय का? असलात तर काहीतरी खूण करा.

सिनेमा तसा फाटक्या खिशाचाच. त्याची सुरुवात एका थट्टेतून झाली. त्याच एप्रिलमध्ये सॅव्हेजने मित्रांना झूमवर जमवलं, माळ्यावर कसले तरी आवाज येताहेत म्हणाला, चाकू घेऊन माळ्यावर डोकावला आणि ऐन क्षणी एका स्पॅनिश भयपटातला तुकडा मध्ये घुसवून मित्रांचे प्राण कंठाशी आणले. तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. मग पैसे देणारे आले, आणि कल्पनेपासून तयार सिनेमापर्यंत काम बारा आठवड्यांत उरकलं. नटनट्यांनी आपापल्या घरात स्वतःच कॅमेरे लावले, स्वतःच दिवे मांडले, दिग्दर्शक पडद्यापलीकडून सूचना देत राहिला. पात्रांना वेगळी नावं द्यायचाही खर्च केलेला नाही. हेलीचं नाव हेलीच, जेमाचं जेमाच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरुणाखालीच भूत घातलंय, म्हणजे पाय पसरायचा प्रश्नच मिटला.

माझा नवरा भयपट पाहतो तो मेकॅनिकच्या नजरेने. हेलीची खुर्ची फर्रकन मागे ओढली जाते, तेव्हा मी उशीत तोंड खुपसलं होतं आणि हा शांतपणे म्हणाला, "दोरी." कपाट उघडलं, "दोरी." काचेचं काही फुटलं, "हे बहुतेक दोरी नाही, पण बघ, कळेल." शेवटी मत दिलं ते असं: "कल्पना चांगली, पण घरगुती आहे." म्हणजे सिनेमा त्याला हॉटेलसारखा हवा होता. रात्री अडीच वाजता मला जाग आली तेव्हा हा जिन्यावरच्या जागेत उभा राहून मोबाइलच्या उजेडात माळ्याचं झाकण न्याहाळत होता. इथल्या जुन्या घरांत ते असतंच, छतातला एक पांढरा चौकोन, वर काळोख. काय करतोयस विचारलं तर म्हणाला, "थंड हवा येतेय का बघत होतो."

मला स्वतःला सर्वांत लागलं ते कॅरोलाइनचं. या मुलीने हौसेने झूमची पार्श्वभूमी म्हणून स्वतःचाच व्हिडिओ लावलाय. दार उघडून ती खोलीत येते, इकडेतिकडे करते, पुन्हा दार उघडून येते. सुरुवातीला सगळे हसतात. पुढे एका क्षणी तिच्या चौकोनात खरी कॅरोलाइन नसते, फक्त ती व्हिडिओतली दार उघडून येत राहते, काहीच झालं नसल्यासारखी. आणि मग त्या निवांत चित्राला आतून फाडून खरीचा चेहरा पुढे येतो. यात दोरी नाही. भूतही दिसत नाही. जी चकचकीत गोष्ट आपण सगळे तेव्हा हौसेने वापरत होतो, मागे ताडाची झाडं नाहीतर पुस्तकांची कपाटं लावत होतो, तीच एकदा उलटी फिरवून दाखवलीय.

दुसऱ्या दिवशी आईशी बोलताना तिला सगळी गोष्ट सांगितली. आईने सिनेमा पाहिलेला नाही, पाहणारही नाही, पण मत देण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्यात एक प्रसंग आहे. एमा नावाच्या मुलीला खोलीत कोणी आहे का ते पाहायचंय, म्हणून ती जमिनीवर पीठ पसरते. पिठात पावलं उमटत येतात. मी हे अगदी आवाज खाली आणून सांगितलं.

"पीठ?" आई म्हणाली. "तुमच्याकडे मिळत नव्हतं ना?"

खरंच मिळत नव्हतं. मार्च-एप्रिलमध्ये इंग्लंडातल्या दुकानांत पिठाच्या फळ्या धुऊन पुसून ठेवल्यासारख्या रिकाम्या होत्या. गंमत म्हणजे देशात पीठ भरपूर होतं. ते जातं बेकऱ्यांना आणि कारखान्यांना, गोण्यांनी नाहीतर टँकरने. दुकानातून घरी जाणारं पीठ जेमतेम ४ टक्के. सगळं राष्ट्र एकदम घरी बसून पाव भाजायला लागल्यावर गिरण्यांत पीठ होतं, पण दीड किलोच्या पिशव्या भरणार किती! मी तेव्हा कणकेसाठी तीन दुकानं पालथी घालून शेवटी एका पंजाबी दुकानदाराकडून दहा किलोचं पोतं खांद्यावर आणलं होतं. तेव्हा एमाने ती पिशवी उलटी केली, त्या क्षणी माझ्या घशातून जो आवाज निघाला तो भुतासाठी होता की पिठासाठी, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही.

आई मात्र थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा गेले तेव्हा आपण पसरलं होतं की. दिव्याभोवती. विसरलीस?"

विसरले होते. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. ज्या जागी आजोबांनी प्राण सोडला, तिथे दिवा लावून त्याभोवती पीठ पसरलं होतं, वर टोपली झाकली होती. सकाळी टोपली उचलायची आणि पिठात कोणाचं पाऊल उमटलंय ते बघायचं. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणतात. सगळी मोठी माणसं ओणवी होऊन बघत होती. आत्या म्हणाली, चिमणीचं आहे. काका म्हणाले, छे, हे टोपलीच्या काडीचं. मग आजीने चष्मा पुसून पाहिलं आणि चिमणीचंच म्हणाली, आणि विषय तिथे संपला. मला आठवतं, कोणीही घाबरलेलं नव्हतं. उलट पिठात काहीच उमटलं नसतं तर सगळ्यांना वाईट वाटलं असतं.

"त्या मुलींचं चुकलं कुठे," आईचा निकाल आला, "माणूसच नव्हता तर दिवा कोणासाठी लावला?" आता सिनेमातही बाईंशी पुन्हा फोन लागतो तेव्हा त्या साधारण हेच सांगतात. नसलेल्याला हाक मारलीत, म्हणून ते नाव पांघरून भलताच आला. एवढं कळायला मला रात्रीची झोप घालवावी लागली, आईला पाच मिनिटांत फोनवर कळलं.

पुण्याच्या भाच्याने सिनेमा कुठून मिळवला ते मी विचारलं नाही. त्याने दुपारी, बसमध्ये, मोबाइलवर, दीडपट वेगाने पाहिला. म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटांत त्याने भूत उरकलं. मत: "मावशी, ओव्हरहाइप्ड आहे." मी चिडले, पण मग वाटलं, त्याचंही खरं असेल. आम्ही पाहिला तो लॅपटॉपवर, जेवणाच्या टेबलाशी, जिथे रोज सकाळी नऊला माझ्या ऑफिसची मीटिंग उघडते तिथेच. तोच पडदा, तेच चौकोन, तीच खुर्ची. मधूनच मला आपला माइक बंद आहे ना याची खात्री करावीशी वाटत होती. पुढे कधीतरी हाच सिनेमा एका मैत्रिणीकडे भिंतभर टीव्हीवर, सोफ्यावर पाच जणी दाटीवाटीने बसून पाहिला, तेव्हा कॅरोलाइनच्या प्रसंगालासुद्धा कोणीतरी चिप्सची पिशवी मागितली. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला हा सिनेमा कित्येक प्रेक्षकांना नुसता बरा का वाटला, याचं कोडं मला त्या सोफ्यावर सुटलं. तेव्हापासून कोणी सांगितलं की अमुक भयपट भिकार आहे, तर मी आधी विचारते, कुठे बसून पाहिलास?

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने याचं उत्तर फार सरळ दिलं. म्हणाला, कार्पेटवर, आईच्या पायाशी, १९९२ साली. त्या वर्षीही ३१ ऑक्टोबर शनिवारीच आला होता. बीबीसी वनवर 'घोस्टवॉच' लागला. स्टीफन व्होल्कने लिहिलेलं, लेस्ली मॅनिंगने दिग्दर्शित केलेलं ते नाटक आधीच चित्रित करून ठेवलेलं होतं, पण दाखवलं थेट प्रक्षेपणासारखं. लंडनच्या नॉर्थोल्ट भागातलं एक साधं घर, त्यात 'पाइप्स' नावाचं भूत, आणि स्टुडिओत साक्षात मायकेल पार्किन्सन. इंग्रजांच्या घरात शनिवारी रात्री दिसणारा सर्वांत भरवशाचा चेहरा. सुमारे १ कोटी १० लाख लोकांनी ते पाहिलं. पडद्यावर फोन नंबर दिला होता, तोही बीबीसीचा खराच. लागला तर ही गोष्ट काल्पनिक आहे असं सांगत. पण इतक्या लोकांनी फोन केले की बऱ्याच जणांना तो लागलाच नाही, आणि भुताटकीच्या रात्री फोन न लागणं म्हणजे काय ते सांगायला नको. बीबीसीने तो कार्यक्रम टीव्हीवर पुन्हा कधी दाखवला नाही.

माझा सहकारी तेव्हा नऊ वर्षांचा होता. मुलांच्या कार्यक्रमातली त्याची लाडकी सेरा ग्रीन त्यात जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत जाते. तो म्हणाला, वडिलांनी शेवटी त्यांच्या स्वतःच्या घरातल्या जिन्याखालून व्हॅक्यूम क्लीनर काढून हॉलमध्ये ठेवला, कारण तो आणायला कोणीच जाईना. 'होस्ट' कसा वाटला विचारलं तर त्याने थोडा विचार केला. "बरा आहे. पण त्यात पार्किन्सन नाही."

आणखी एक तक्रार जवळपास सगळ्यांनी केली. भुताच्या सिनेमातली माणसं घर सोडून पळत का नाहीत? एरवी ही तक्रार मीही करते. पण त्या वर्षी पळून जाणार कुठे? आणि सिनेमात एकजण खरंच पळते. जेमा मैत्रिणीला वाचवायला रात्री तिच्या घरी धावते. एवढा आकांत झालेला, अर्धे मित्र गेलेले, अंधार, आणि या दोघी समोरासमोर आल्यावर काय करतात? कोपराला कोपर लावतात. मी खुर्चीतून पडायची बाकी होते. नवऱ्याने सिनेमाला दिलेली एकमेव दाद तीच. "हे मात्र पटलं," म्हणाला.

'होस्ट' या नावाबद्दल कोणीच काही बोललं नाही, याचं मला नवल वाटलं. झूमवर कॉल भरवणारा तो होस्ट. आणि भूत ज्याच्या अंगात वस्तीला येतं तोही होस्टच. आपल्याकडे त्याला 'झाड' म्हणतात. भुताने धरलेला माणूस म्हणजे झाड. शब्द किती नेमका आहे. उभं राहायचं, हलता येत नाही, आणि वर कोण येऊन बसलंय हे खालच्याला दिसत नाही. सहा महिने खुर्चीत रुजलेल्या आम्हा सगळ्यांना तो लागू होता.

दोन आठवड्यांनी, १४ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन आलं. इकडे दुपारचे साडेबारा, तिकडे संध्याकाळचे सहा, ऐन दिवेलागण. साताऱ्याहून आई, कोल्हापूरहून काका, नाशिकहून आत्या, सगळे आपापल्या चौकोनात. आत्याचं निम्मं कपाळ आणि पंखा. आई कॅमेऱ्याला चकली दाखवत होती. काका पूजेतल्या कुठल्याशा श्लोकाचा अर्थ सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचं चित्र गोठलं. तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले, मागून समईचा पिवळा उजेड. बाकीच्यांचेही आवाज गेले. एक सेकंद, दोन, तीन, चार. काकांच्या पाठीमागे दार होतं आणि ते जरासं उघडं होतं.

टेबलाखाली नवऱ्याने माझा हात गच्च धरला. दोरीवाल्या नवऱ्याने. मी दुसऱ्या हाताने लॅपटॉपचं झाकण अर्ध्यावर आणलं, तेवढ्यात आतून काका म्हणाले,

"ऐकू येतंय का?"