डब्यातलं चॉकलेट दूध: आधी प्रथिनं वाचा, मग घोट घ्या

आशियातल्या दुकानांत चॉकलेट दूध म्हणून एकाच फळीवर तीन वेगवेगळे पदार्थ मांडलेले असतात. एक खरं दूध, ज्यात कोको आणि साखर घातलेली असते. दुसरं पाणी, ज्यात दुधाची पावडर, साखर आणि कोको कालवलेला असतो. तिसरं माल्टचं पेय, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या अर्काचं, ज्यात कोको चवीपुरता. तिघांना एकाच मापाने गुण दिले तर तिघांवरही अन्याय होतो. म्हणून चव घेण्याआधी आपल्या हातात यातलं काय आहे ते ठरवावं.

काही देशांत ते नावावरूनच कळतं. चीनच्या नियमांत ‘त्याओचि रू’, म्हणजे चव वगैरे घालून तयार केलेलं दूध, म्हणवायला किमान 80 टक्के दूध लागतं, मग ते ताजं असो वा पावडरपासून पुन्हा बनवलेलं. ‘हान रू यिनल्याव’ म्हणजे दूध असलेलं पेय, त्याला 1 टक्का प्रथिनं पुरतात. तैवानच्या ‘त्याओवेइ रू’मध्ये, म्हणजे चवीच्या दुधात, निम्मं तरी दूध असावं लागतं. जपानमध्ये 2003 पासून ‘ग्युन्यू’ हा शब्द निव्वळ दुधालाच लावता येतो, त्यामुळे तिथलं चवीचं दूध ‘न्यूइन्र्यो’ या नावाने विकलं जातं आणि त्यात दुधाचे घनपदार्थ 3 टक्के असले तरी चालतात. साध्या दुधात ते साधारण 12 टक्के असतात, यावरून त्या नावाखाली किती मोठी मोकळीक आहे ते लक्षात येईल.

नाव कळत नसेल तर प्रथिनांचा आकडा बघा. गाईच्या दुधात 100 मिलीला साधारण 3.2 ग्रॅम प्रथिनं असतात. समजा 200 मिलीच्या खोक्यावर प्रथिनं 4 ग्रॅम आहेत, म्हणजे 100 मिलीला 2. त्यातले 0.2 कोकोचे म्हणून वजा करा. उरले 1.8, त्याला 3.2 ने भागलं की 0.56. म्हणजे खोक्यात दूध सुमारे 56 टक्के. आता साखर. दुधातच 100 मिलीला 4.8 ग्रॅम दुग्धशर्करा असते, तिचे 56 टक्के म्हणजे 2.7. लेबलवर एकूण साखर 100 मिलीला 10 असेल तर वरून घातलेली 7.3, आणि अख्ख्या खोक्यात साडेचौदा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन चमचे. हा हिशेब माल्टच्या पेयाला लागू होत नाही, कारण माल्टची स्वतःची साखर असते. सोयाला तर नाहीच. आकडे कशामागे दिलेत तेही तपासा: भारतात आणि चीनमध्ये 100 मिली किंवा 100 ग्रॅममागे, इंडोनेशियात ‘ताकारान साजी’ म्हणजे एका वेळच्या मापामागे. जपानी लेबलवर साखरेची ओळ बहुधा नसते, एकूण कर्बोदकांवरून अंदाज बांधावा लागतो.

घटकांच्या यादीत 407 दिसला तर बिचकू नका. ते कॅराजीनन, समुद्री शेवाळातून काढलेलं. कोको दुधात विरघळत नाही, त्याचे बारीक कण नुसते तरंगत राहतात आणि सोडून दिले तर तळाशी बसतात. लिटरला जेमतेम पाव ग्रॅम कॅराजीनन दुधाच्या प्रथिनांशी धरून एक नाजूक जाळी तयार करतं आणि कण तिच्यात अडकून राहतात. प्रमाण थोडं जास्त झालं की पेय बुळबुळीत लागतं, घोट गिळल्यावरही टाळूवर थर राहतो. कमी पडलं की तळाला चिखल. इतक्या थोड्या वस्तूवर इतकं अवलंबून असतं, म्हणून पोताला आम्ही चवीइतकंच महत्त्व देतो.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नये. क्षाराची प्रक्रिया केलेला कोको गडद दिसतो, त्याचा आंबटपणा आणि तुरटपणा जातो. साधा कोको फिका पण फळासारख्या आंबूस वासाचा. काळपट दूध म्हणजे जास्त कोको, असं मुळीच नाही. बहुतेक खोक्यांत कोको 1 ते 1.5 टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेलं ‘चॉकलेट’ व्हॅनिलीन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ, उभं करतं. ओळखायची खूण सोपी: व्हॅनिलीनचा वास आधी येतो आणि आधीच जातो, कोकोचा कडवटपणा गिळल्यानंतर मागे राहतो.

चाचणीला प्रत्येक पेयाचे दोन नग घ्या. दोन्ही फ्रिजमध्ये रात्रभर उभे ठेवा. पहिला न हलवता वरून कापून हळूहळू ओता आणि तळ बघा: पातळ पापुद्रा चालतो, बोटाला लागेल इतका गाळ असेल तर पोताचे दोन गुण गेले. दुसरा दहा वेळा उलटासुलटा करून पांढऱ्या कपांत 30-30 मिली ओता. पहिला घोट 8 अंशांच्या आसपास, दुसरा वीस मिनिटांनी. थंडपणा गोडी झाकतो. कोमट होत गेलं की साखरेचा मारा, जास्तीचं व्हॅनिलीन आणि करपट वास उघडे पडतात. दोन पेयांच्या मध्ये कोमट पाणी आणि चार साधे कुरमुरे. एका बैठकीत सहाच्या वर जाऊ नये, आणि सर्वांत गोड पेय शेवटी.

गुण 10 पैकी: कोको 3, दूध 3, गोडीचा तोल 2, पोत 2.

थायलंडचं थाई-डेन्मार्क (मुआक लेकच्या डेअरीचं) चॉकलेट दूध: 8. दूध आधी, कोको नंतर, आणि हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. कोरियाचं सोल मिल्क: 8, पोत विशेष चांगलं. इंडोनेशियाचं अल्ट्रा मिल्क: 7.5. गोड आहे, पण कोकोचा कडवटपणा शेवटपर्यंत साथ देतो. आपलं अमूल कूल कोको: 7, अगदी थंडच प्यावं. मायलोला चॉकलेट दूध म्हणून 5 आणि माल्टचं पेय म्हणून 8.5, नाचणीचं सत्त्व आवडणाऱ्याला त्याची भाजकी चव लगेच आपलीशी वाटेल. सिंगापूरला जाणाऱ्यांनी खोक्यापेक्षा टपरीवरचा थंड ‘मायलो पेंग’ घ्यावा. हाँगकाँगच्या व्हिटासॉयचं चॉकलेट सोया वेगळ्याच पंक्तीतलं. दुधाचा रकाना कोरा ठेवला, बाकी 7 पैकी 5.5.

डबाबंद आणि काचेच्या बाटलीतली पेयं बंद केल्यानंतर बराच वेळ तापवतात, म्हणून त्यांना बासुंदीसारखी आटीव चव येते. तो दोष धरू नका, ती त्या पद्धतीची चव आहे. खडूसारखी जीभ झाली तर बहुधा वरून घातलेलं कॅल्शियम. कडवटपणा कोकोचा न वाटता औषधासारखा लागला आणि पेय घट्ट होत चाललेलं असलं, तर मुदत संपत आली आहे: कच्च्या दुधातल्या जिवाणूंची विकरं उष्णतेतूनही तगतात आणि प्रथिनं सावकाश तोडत राहतात.

उन्हाळ्यात वखारीत तापलेल्या खोक्यांची तक्रार वेगळी. उष्णतेने कॅराजीननची जाळी सुटते, कोको खाली उतरतो, आणि मग फ्रिजमध्ये गेल्यावर जाळी त्या बसलेल्या थराभोवतीच पुन्हा धरते. असं खोकं न उघडता 45 ते 50 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, जोरात हलवा आणि अधूनमधून हलवतच गार करा. खोकं फुगलेलं असेल किंवा आंबट वास येत असेल तर हा खटाटोप करू नका, सरळ ओतून द्या.