हळदच तर आहे!

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मामांच्या हृदयाची झडप काही वर्षांपूर्वी बदलली आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी व दरमहा आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; तो जितका जास्त, तितका रक्तस्रावाचा धोका अधिक) त्यांच्या मागे लागली. एरवी अडीच-तीनच्या आसपास राहणारा हा आकडा यंदा उन्हाळ्यात पाचाच्या वर गेला आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर मामांनी ओशाळून कबूल केले, की दीड महिन्यापासून ते गुडघेदुखीसाठी हळदीच्या अर्काची कॅप्सूल घेत होते. ‘हळदच तर आहे, ती का औषध आहे?’ हा मामींचा प्रश्न. वास्तविक ती आणली होती औषध म्हणूनच.

हळदीतला औषधी मानला जाणारा मुख्य घटक म्हणजे कर्क्युमिन; हळदीत तो साधारण तीन टक्के असतो, म्हणजे भाजीत पडणाऱ्या अर्ध्या ग्रॅम हळदीतून जेमतेम १५ मिलिग्रॅम मिळते आणि त्यातलेही फारच थोडे रक्तात उतरते. कॅप्सूलमध्ये मात्र त्याच्या कितीतरी पट कर्क्युमिन असते आणि जोडीला बहुधा मिऱ्यातले पिपरीन घातलेले असते. कारण २० मिलिग्रॅम पिपरीन सोबत दिल्यास माणसाच्या रक्तात उतरणाऱ्या कर्क्युमिनचे प्रमाण सुमारे वीसपट होते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले होते. पिपरीन हे घडवते ते आतड्यातील व यकृतातील, औषधांची विल्हेवाट लावणाऱ्या विकरांना अडवून. ही विकरे हळद कोणती आणि हृदयविकाराची गोळी कोणती असा भेद करीत नाहीत. हाच गुण आपल्याकडे क्षयरोगाच्या एका गोळीत वापरला गेला असून, पिपरीनमुळे तीत रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम पुरते. तिथे मात्रा मोजून ठरवलेली होती. मामांच्या डब्यावर ‘दिवसातून दोन’ एवढेच छापलेले होते. न्यूझीलंडच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये असेच एक प्रकरण जाहीर केले होते, त्या रुग्णाचा आयएनआर दहाच्या वर गेला होता.

मेथीचेही तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील जुन्या प्रयोगांत मेथीने रक्तातील साखर उतरली हे खरे, पण रुग्णांना रोज २५ ते १०० ग्रॅम मेथी दिली होती. रात्री भिजवलेल्या चमचाभर दाण्यांवर विसंबून इन्सुलिन बंद करणे हा निव्वळ जुगार आहे. मसाल्याने कर्करोग बरा होतो आणि त्याचा अपाय मात्र शून्य, ही दोन्ही विधाने एकाच दमात करणाऱ्यांचे मला नवल वाटते, कारण शरीरात परिणाम घडवणारी वस्तू नको तो परिणामही घडवू शकते.

कॅप्सूल बंद झाल्यावर पुढच्या तपासणीत मामांचा आकडा २.८ आला. रविवार कारंजावरून वर्षाची हळद भरणाऱ्या मामींनी त्याच भेटीत डॉक्टरांना विचारले, की आंबेहळदीचे लोणचे तरी चालेल ना. ‘जेवणापुरते चालेल,’ असे उत्तर मिळाल्यावरच त्या खुर्चीवरून उठल्या.